लिस्बनचा ऑगस्ट की फोंड्याचा पाऊस?

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातल्या ६१ वर्षांच्या एक वाचक लिहितात, “मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत मला गोव्याची हवा सोसत नाही. दिवस कसाबसा निभतो, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अंगभर घामोळं उठतं, सकाळी डोकं जड. आमचे हे ६६ वर्षांचे, निवृत्त. त्यांना रक्तदाब आहे, त्यासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, शिवाय गुडघा दुखतो. मुलगी लिस्बनला असते. नातवाची शाळा जूनच्या मध्यावर सुटते, तेव्हापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तीन महिने या, युरोपात थंड असतं, असा तिचा आग्रह. ऑगस्टमध्ये एव्होराजवळ दहा दिवस एक शेतघरही ती भाड्याने घेणार आहे. पुतण्या म्हणतो, एवढ्या लांब कशाला, मॉरिशस नाहीतर श्रीलंकेतलं नुवारा एलिया बघा. पैसे एकाच मोठ्या प्रवासाचे आहेत. कुठलं हवामान निवडावं?”

उत्तर:

ताई, तुमचा त्रास मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा, आणि मुलीने सुचवलेला प्रवास सुरू होतो तो जूनच्या मध्यावर. म्हणजे अख्खा मे महिना फोंड्यात घामात काढायचा, पाऊस लागून अंगण गार झालं की बॅगा उचलायच्या आणि पोर्तुगालच्या वर्षातल्या सगळ्यात तापत्या दिवसांत जाऊन बसायचं. मुलीची माया खरी आहे. घोटाळा ‘उन्हाळा’ या शब्दाने केलाय. आपला उन्हाळा मार्च ते मे, तिचा जून ते सप्टेंबर. दोघी एकच शब्द वापरून वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलताय.

त्यात चवथही, म्हणजे गणेश चतुर्थी, जाण्याची शक्यता आहे. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, पण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहायचं म्हटलं की बहुतेक वर्षी गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी तुमच्याविना बांधली जाणार. हे चालणार आहे का, ते घरात आधी बोलून घ्या. तिकीट काढल्यावर हा विषय निघाला की तारखा बदलायचा दंड भरावा लागतो.

आता ‘थंड देश’ या कल्पनेकडे येऊ. तुम्हाला नक्की कशाचा त्रास होतो, हे एकदा तपासून पाहा. पणजीचे सरासरी आकडे काढले तर मे महिन्यातलं दुपारचं तापमान ३३ अंशांच्या आसपास येतं. आणि डिसेंबरमधलं? तेही ३२-३३च. कमाल तापमानात जेमतेम एखाद्या अंशाचा फरक. तरी डिसेंबर-जानेवारीत जत्रांच्या दिवसांत तुम्ही दुपारी रांगेत उभ्या राहू शकता आणि मेमध्ये स्वयंपाकघरातल्या पाच मिनिटांत जीव नकोसा होतो. कारण डिसेंबरात रात्र २०-२१ अंशांपर्यंत उतरते, मेमध्ये २६-२७च्या खाली येत नाही. आणि मेमध्ये हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की घाम येतो पण वाळत नाही. अंग गार होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. न वाळलेला घाम नुसता कपडे भिजवतो आणि घामोळं आणतो.

म्हणून कुठलंही गाव निवडताना कमाल तापमान नंतर बघा, आधी दवबिंदू बघा. हवा किती अंशांपर्यंत गार केली की तिच्यातल्या बाष्पाचं दव पडू लागेल, तो हा आकडा. मोबाइलवरच्या बहुतेक हवामान ॲपमध्ये ‘ड्यू पॉइंट’ या नावाने तो मिळतो. अनुभवाचं मोजमाप साधारण असं: १६ अंशांच्या खाली असेल तर हवा हलकी, सुखाची. १६ ते १८ चालून जातं. १८च्या वर चिकचिक सुरू होते, २१च्या वर नकोसं होतं, आणि २४च्या वर गेला की पंखा नुसता ओलसर हवा फिरवत राहतो. पणजीत मेमध्ये तो २५च्या आसपास असतो.

ॲप नको असेल तर घरीही काढता येतो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. आर्द्रतेचा आकडा शंभरातून वजा करा, उरेल त्याला पाचाने भागा, आणि ते तापमानातून वजा करा. रात्री दहाला खोलीत ३० अंश आणि ८० टक्के असेल तर शंभरातून ऐंशी गेले वीस, भागिले पाच म्हणजे चार, दवबिंदू २६. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली असेल तर मात्र हा हिशेब चुकतो, तेव्हा ॲपच बघा.

नुसत्या आर्द्रतेच्या टक्केवारीवर बरेच जण फसतात. लिस्बनला सकाळी ८५ टक्के आर्द्रता वाचून एखाद्याला वाटेल, ही तर गोव्याचीच बहीण. पण तिथे त्या वेळी १५ अंश असतात, म्हणजे दवबिंदू १२. फोंड्यातल्या ६५ टक्क्यांना ३३ अंशांची जोड असते, दवबिंदू २६. टक्के कमी, बाष्प कितीतरी जास्त.

मोठा खर्च करण्याआधी एक स्वस्त परीक्षा घ्या. एप्रिलच्या सुरुवातीला चार रात्री बेळगावला राहा. वातानुकूलित खोली घेऊ नका, साधी पंख्याची घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. एप्रिलमध्ये तिथली दुपार फोंड्याहून तापट असते, ३५-३६ अंशांची, पण हवा कोरडी आणि रात्र २०च्या आसपास उतरणारी. तिथे तुम्हाला शांत झोप लागली आणि दुपारही सोसली, तर तुमचं दुखणं बाष्पाचं आणि रात्रीच्या उकाड्याचं आहे. दुपारच्या उन्हानेच डोकं दुखलं तर गोष्ट वेगळी. मग तुम्हाला खरोखर कमी तापमान लागेल आणि लिस्बनचा जुलैही जपूनच घ्यावा लागेल. बेळगावलाही झोप लागली नाही तर परदेशाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. या वयात रात्रीचा घाम आणि सकाळचं जड डोकं यांना हवेखेरीज इतर कारणंही असतात: थायरॉइड, साखर, झोपेत श्वास अडकणं.

अशीच पत्रं लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. त्रास फक्त झोपेचा असेल आणि परदेशी जायला दुसरं कारण नसेल, तर झोपायच्या एका खोलीत एसी बसवून तो २६-२७वर किंवा ‘ड्राय’वर, वर पंखा मंद, एवढ्यात काम भागतं. तीन महिन्यांच्या विमानप्रवासापेक्षा ते फार स्वस्त पडतं. तुमचं तसं नाही. तुम्हाला लेक आणि नातू भेटायचे आहेत, आणि ते कारण पुरेसं आहे.

आता लिस्बन महिन्यांप्रमाणे बघू. एप्रिलमध्ये दुपार २० अंशांची, रात्र १२ची. मेमध्ये २२-२३ आणि १४. जूनमध्ये २६ आणि १६. जुलै-ऑगस्टमध्ये २८-२९ आणि १८. दवबिंदू या सगळ्या काळात साधारण १० ते १६. आकडे बघून तुम्ही म्हणाल, ऑगस्टसुद्धा किती छान! सरासरी म्हणून खरंच छान आहे. उन्हाळ्यात बहुतेक दिवस उत्तरेकडून वारा वाहतो, तिथे त्याला ‘नॉर्ताडा’ म्हणतात. तो किनाऱ्यालगत खोल समुद्रातलं गार पाणी वर आणतो आणि शहराला थंडावा देतो. पण अधूनमधून काही दिवस हा वारा पडतो आणि पूर्वेकडून, स्पेनच्या तापलेल्या पठारावरून हवा येऊ लागते. ४ ऑगस्ट २०१८ला लिस्बनमध्ये ४४ अंश नोंदले गेले. महिन्याच्या सरासरीत असे चार-पाच दिवस दिसत नाहीत, पण आजारी पाडायला तेवढे पुरतात. ‘युरोप म्हणजे थंड’ हे गणित तर आता इंग्लंडलाही लागू नाही. तिथे १९ जुलै २०२२ला कॉनिंग्सबीला ४०.३ अंश झाले, आणि तिथली घरं ऊब कोंडून ठेवायलाच बांधलेली.

एव्होराच्या शेतघराला ऑगस्टमध्ये स्पष्ट नाही म्हणा. तो पोर्तुगालमधल्या आलेंतेझू प्रांताचा आतला, समुद्रापासून लांबचा मुलूख. नॉर्ताडाचा थंडावा तिथवर पोचत नाही आणि उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत चाळीस ओलांडणं तिथे नवल नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला तिथे दहा दिवस नेणं शहाणपणाचं नाही. एव्होरा बघायचंच असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका शनिवार-रविवारी जा. रानफुलं असतात, हवा सुरेख. मुलीला सुट्टीत एकत्र राहायचं असेल तर तेच पैसे किनाऱ्यावर घाला. एरिसेरा किंवा पेनिश, दोन्ही लिस्बनच्या वरच्या अंगाला. शहर भाजत असताना तिथे लोक संध्याकाळी स्वेटर घालून बसतात. पाणी मात्र कळंगुटसारखं समजू नका, पाय बुडवला की कळ येते.

पुतण्याचा सल्ला उडवून लावण्यासारखा नाही. मॉरिशसमध्ये मे ते ऑक्टोबर हिवाळा असतो, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि मराठी बोलणारी जुनी वस्ती तिथे आहे. पण तिथेही गाव बघून निवडावं लागतं. पोर्ट लुईसच्या किनाऱ्यावर एप्रिलमध्ये गोव्यासारखंच चिकचिकतं. मधल्या पठारावर, क्युरपीप किंवा वाक्वा इथे, मे-जूनमध्ये दिवसा २२-२३ आणि रात्री १६-१७ अंश असतात. तिथली अडचण उलटी आहे: पाऊस भुरभुरत राहतो, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी पठारावरचं घर घेताना कपाटाच्या मागची भिंत बघून घ्यावी.

नुवारा एलिया १८६८ मीटरवर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब धरला तर खाली कोलंबोत ३१ असताना वर २० का, ते कळतं. एप्रिल हा तिथला हंगाम, म्हणून तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही चढी. मेच्या अखेरीपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्याच डोंगरांवर येऊन आदळतो. म्हणजे सुखाचा काळ पाच-सहा आठवड्यांचाच. कँडीला मात्र थंडाव्यासाठी जाऊ नका, ते जेमतेम पाचशे मीटरवर आहे. नकाशात डोंगर दिसतात म्हणून लोक फसतात.

बाकीच्या जागाही पटकन बघू. काठमांडूला एप्रिलमध्ये वणव्यांचा धूर साचतो. थिम्पूची हवा चांगली, पण भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क भरावं लागतं; नव्वद रात्रींचे माणशी १ लाख ८ हजार, आणि यात खोली-जेवण आलं नाही. व्हिएतनाममधलं दालात १५०० मीटरवर, एप्रिल-मेमध्ये दिवसा २५, रात्री १६-१७, आणि २०२३पासून ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो. एकट्याने राहू शकणाऱ्या, नवं जेवण चालणाऱ्या जोडप्यासाठी उत्तम. नैरोबीबद्दल गोव्यातून नेहमी विचारणा होते, कारण कुणाचे ना कुणाचे नातेवाईक तिथे असतातच. जुलैत ते अगदी गार, २१-२२ आणि ११-१२ अंश, पण एप्रिल-मे तिथल्या मोठ्या पावसाचे. शिवाय केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो आणि साठीपुढच्या माणसांत त्या लसीचे गंभीर दुष्परिणाम जास्त दिसतात. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती टोचून घेऊ नये.

या सगळ्या पर्यायांत एक खाच आहे आणि ती दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि गार हवेत तीन-चार आठवडे राहिलं की ती सवय उतरते. एप्रिलमध्ये तीन आठवडे नुवारा एलियाला राहून ५ मेला फोंड्यात उतरलात, तर न गेलेल्या शेजारणीपेक्षा तुम्हालाच जास्त त्रास होईल. म्हणून आधी परतीची तारीख ठरवा. ती पाऊस नीट बसल्यानंतरचीच हवी. गोव्यात मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, कधी आठ-दहा दिवस मागेपुढे. म्हणजे १५ जूनच्या आधी परतायचं नाही, हा नियम. दवबिंदू जुलैतही २४च्या जवळच राहतो, पण ढग, वारा आणि सरी असतात. पावसातल्या फोंड्याची तुमची तक्रार नाही, हे पत्रातही दिसतंय.

तेव्हा माझं मत असं. लिस्बनलाच जा, पण २० एप्रिलला पोचून १५ जुलैला निघा. तुमचा सगळ्यात वाईट दीड महिना टळतो, नातवाच्या सुट्टीतला पहिला महिना हाताशी लागतो, ऑगस्टच्या आत तुम्ही घरी असता, आणि चवथीच्या तयारीला वेळ उरतो. मार्चचे शेवटचे दिवस आणि एप्रिलचे पहिले वीस मात्र इथेच काढावे लागतील. त्यातच बेळगावची परीक्षा उरकून घ्या.

दिवस मोजून घ्या. पोर्तुगालसह बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. एप्रिलचे ११, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे १५, एकूण ८७. तीन दिवस हाताशी राहतात, विमान रद्द झालं तर. मुलीची मूळ योजना, १५ जून ते १५ सप्टेंबर, मोजली तर ९३ दिवस भरतात. तीन दिवस जास्त! असा चुकलेला हिशेब पुढच्या व्हिसाला आडवा येतो, आणि आता तिथल्या सीमेवर येण्या-जाण्याची नोंद संगणकावर होते, शिक्का पुसट आहे म्हणून कुणी सोडत नाही. व्हिसा हातात आल्यावर त्यावर ‘दिवस’ किती दिलेत ते वाचा. मुदत लांब आणि दिवस मात्र ६०, असंही होतं. विमान फ्रँकफर्ट किंवा पॅरिसवरून असेल तर दिवस तिथूनच सुरू होतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. एप्रिलला जायचं तर जानेवारीतच कागद गोळा करा.

वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. तो काढताना रक्तदाब लपवू नका. स्वस्त पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजाराचं काहीच भरून मिळत नाही. थोडे पैसे जास्त देऊन ते कलम घ्या.

आता घराचं. लिस्बनचं हवामान दारापर्यंतचं, आत घराचं वेगळं. एप्रिलमध्ये तुम्ही उतराल तेव्हा बाहेर ऊन छान आणि खोलीत गारठा, असं होईल. जुन्या इमारतींना जाड भिंती, फरशी थंड आणि घर तापवायची सोय तुटपुंजी. बाहेर २० अंश असताना आत १६-१७. यजमानांच्या गुडघ्याला पहिले दोन आठवडे जड जातील. दोघांसाठी लोकरीचे मोजे, बंद चपला, आतून घालायचे गरम बनियन आणि पलंगाजवळ पायाखाली घालायला जाड सतरंजी, एवढं घ्या. मेच्या मध्यानंतर त्याची गरज उरणार नाही.

जूनच्या अखेरीला उलट चित्र. आणि इथे गोव्याची सवयच घात करते. आपण उकडलं की खिडक्या उघडतो, बाल्कांवात जाऊन बसतो. गोव्यात ते बरोबर आहे, कारण बाहेर आणि आत जवळजवळ सारखंच आणि वारा हवा असतो. लिस्बनच्या लाटेत बाहेर ३८ आणि आत २६ असेल तर उघडी खिडकी म्हणजे भट्टीचं तोंड. तिथे बहुतेक घरांना खिडकीबाहेरून खाली ओढायच्या पट्ट्या असतात, ‘एस्तोर’ म्हणतात. पूर्वेकडच्या पट्ट्या सूर्य येण्याआधी, बाकीच्या सकाळी नऊपर्यंत खाली ओढायच्या, काचाही लावून घ्यायच्या. घर अंधारं वाटेल, दिवसा दिवा लावावा लागेल, पण सोसा. बाहेरचा पारा आतल्यापेक्षा खाली आला की, म्हणजे साधारण रात्री नऊ-दहानंतर, समोरासमोरच्या खिडक्या उघडून रात्रभर हवा खेळू द्यायची. आतून लावलेला पडदा तेवढा उपयोगी नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं.

फिरण्याच्या वेळाही बदला. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री नऊला मावळतो, आणि सगळ्यात जास्त तापतं ते दुपारी चार ते सहा. “चार वाजले, ऊन उतरलं असेल” म्हणून बाहेर पडणारे इथेच चुकतात. सकाळी दहाच्या आत बाजार उरकायचा, नाहीतर आठनंतर बाहेर पडायचं.

बहुतेक घरांत एसी नसतो, पण हवा कोरडी असल्यामुळे पंखा तिथे खरंच काम करतो. ओल्या पंच्याने हात-मान पुसून पंख्यासमोर बसलात की फरक लगेच कळेल. खोलीतच ३५च्या वर गेलं की मात्र पंखा अंगावर गरम हवा मारतो; तेव्हा मॉल, वाचनालय किंवा चर्चचा गारवा गाठायचा.

कोरड्या हवेचा धोका तुमच्या यजमानांना जास्त आहे. घाम लगेच वाळतो, म्हणून तो आलाय हेच कळत नाही. तहान उशिरा लागते, आणि लघवीची गोळी पाणी काढतच राहते. गोळी मनाने बंद करायची नाही आणि मनाने कमीही करायची नाही. निघण्याआधी डॉक्टरांकडून लेखी घ्या: उष्णतेच्या लाटेत डोस कसा, जुलाब-उलटी झाली तर काय, दिवसाला पाणी किती, मीठ किती. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दीड-दोन किलो उतरलं तर ती चरबी नव्हे, पाणी. उठताना चक्कर, गडद लघवी ही आधीची लक्षणं. बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं, असं दिसलं तर ११२ लावायचा, नातवालाही तो नंबर पाठ असू द्या. सर्दीच्या काही गोळ्याही घाम रोखतात, त्या विचारल्याशिवाय नकोत. नव्वद नव्हे, एकशे पाच दिवसांची औषधं हातातल्या बॅगेत, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपले ब्रँड तिथल्या औषधाच्या दुकानात कुणाला कळत नाहीत.

राहिलं फोंड्याचं घर. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, काळजी या वर्षापुरती जाऊबाईंवर सोपवा. बंद घरात सोलं, मिरची नि सुकं भरून ठेवलं तर जूनमध्ये सगळ्याला बुरशी धरेल. कौलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतून घ्या, पन्हळी साफ करा. मेमध्ये कामगार मिळत नाहीत आणि तुम्ही नसालच. वळवाच्या विजांसाठी टीव्ही, मोडेम, इन्व्हर्टरचे प्लग काढून ठेवा. फ्रिज रिकामा करून, पुसून, दारात लाकडाचा तुकडा अडकवून ठेवा. कपाटांची दारं किलकिली, गाद्या भिंतीपासून सुट्या. आठवड्यातून एकदा, उघाड असेल त्या दिवशी, कुणीतरी दोन तास खिडक्या उघडाव्यात.

या रविवारी मुलीशी बोलाल तेव्हा तारखांआधी तिला चार गोष्टी विचारा. तुम्ही झोपाल त्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे. पश्चिमेला असेल तर जूनपासून खोल्यांची अदलाबदल करता येईल का? फ्लॅट छपराखालच्या शेवटच्या मजल्यावर आहे का? एस्तोर सगळ्या खिडक्यांना आहेत का, आणि चालू स्थितीत आहेत का? कारण भाड्याच्या घरात त्यांच्या दोऱ्या तुटलेल्या असतात आणि मालक महिनोन्महिने बघत नाही. आणि लिफ्ट? लिस्बनच्या चढणींवरून भाजीची पिशवी घेऊन आल्यावर यजमानांच्या गुडघ्याला आणखी तीन जिने चढायला लागणार असतील, तर ते तिने आत्ताच सांगितलेलं बरं.